नितळ म्हणजे शुद्ध नव्हे

आपल्या विहिरीचे पाणी काचेच्या पेल्यात घ्या. उजेडात धरा. आरपार दिसते. पिऊन पाहा. गोड लागते. आपण म्हणतो, "पाणी चांगलं आहे." पण ते शुद्ध आहे काय? ते डोळ्यांना कळत नाही आणि जिभेलाही कळत नाही.

रोगाचे जंतू फार बारीक असतात. ते सूक्ष्मदर्शक यंत्रातूनच दिसतात. कॉलरा, विषमज्वर, जुलाब हे रोग अशा जंतूंमुळे होतात. रोग्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडतात. ते पाण्यात गेले की दुसऱ्याच्या पोटात जातात.

विहिरीत घाण जाते कशी? आपल्या बारामती व इंदापूर तालुक्यांत पहिला मोठा पाऊस झाला की उकिरडे आणि गोठे धुऊन निघतात. विहिरीचा कठडा फुटका असेल, तर ते पाणी सरळ आत जाते. शोषखड्डा किंवा संडासाचा खड्डा जवळ असेल, तर घाण जमिनीतून पाझरते. शेणामातीत ठेवलेली बादली आपण तशीच आत सोडतो. कोणी काठावर कपडे धुतो.

आम्ही इंदापूर तालुक्यातील एका गावी शाळेवर होतो, तेव्हाची गोष्ट. पाणीवाला रोज विहिरीत टीसीएल पावडर टाकी. पाण्याला वास येई. लोक म्हणत, "गुरुजी, चहाची चव जाते बघा." आम्हीही पाणीवाल्याला म्हणालो, "अरे, जरा बेतानं टाक." त्याने हात आखडला. पुढे टाकणेच बंद केले. पावसाळा लागला. शाळेत मुले कमी दिसू लागली. आम्ही हजेरीपट उघडला. गैरहजर मुले बहुतेक गावठाणातली. त्यांच्या घरी त्या विहिरीचे पाणी जाई. मळ्यातली मुले मात्र हजर. त्यांचे पाणी वेगळे होते. घरोघर गेलो, तर जुलाब-उलट्या चालू. दोन मुलांना सलाईन लावावे लागले. पाण्याचा नमुना तपासला. पाणी पिण्यास अयोग्य ठरले. मुले वाचली, पण ती चूक एकट्या पाणीवाल्याची नव्हती. वास नको म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो.

हे खेड्यातच होते असे समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी येथे, बरीच माणसे आजारी पडली. आधी जुलाब, मग हातपाय लुळे. या आजाराला जीबीएस म्हणतात. जंतूशी लढताना शरीराची शक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते, म्हणून हातपाय लुळे पडतात. काहींना श्वास घेता येईना. राज्यात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. काही दगावले. कित्येक रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू सापडले. तेव्हा नांदेड गावच्या सार्वजनिक विहिरीच्या पाण्यावर संशय आला. शहर मोठे, दवाखाने मोठे. तरी पाण्याकडे बोट गेलेच.

मग उपाय काय? उपाय जुना आणि स्वस्त आहे. टीसीएल पावडरीतील क्लोरीन जंतूंना मारतो. पण माप हवे. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा. व्यासाला व्यासाने गुणा. त्याला पाण्याच्या खोलीने गुणा. मग ७८५ ने गुणा. येईल तितके लिटर पाणी. व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर असेल, तर ४ × ४ × ३ × ७८५ म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात १००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. म्हणजे या विहिरीला सुमारे ९५ ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागते; ते आरोग्य सेवकाला विचारावे.

पावडर कोरडी फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवावी. मग बादली पाऊण भरावी. दहा मिनिटे निवू द्यावी. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावे व ढवळावे. खालचा चुना टाकून द्यावा. नंतर एक तास पाणी भरू नये. पावडरीचा डबा घट्ट बंद ठेवावा. उघडा राहिला की तिची ताकद जाते.

क्लोरीन पोचला का, हे ओ. टी. चाचणीने कळते. नमुन्यात औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन आहे. रंग आला नाही, तर नाही. ही चाचणी शेवटच्या घरीही करावी. चाचणीचे पाणी पिऊ नये, ओतून द्यावे.

घरी पाणी झाकून ठेवा. ओगराळ्याने घ्या, हात बुडवू नका. शंका आली तर उकळून प्या. आणि पाण्याला थोडा वास आला, तर पाणीवाल्यावर रागावू नका. वास यायचा थांबला, तर मात्र जरूर विचारा, "बाबा, आज पावडर टाकली का?"

सांगा पाहू :
१. आपल्या विहिरीपासून संडासाचा खड्डा किती लांब आहे? तो निदान ५० फूट हवा.
२. आपल्या विहिरीत किती लिटर पाणी आहे?
३. गेल्या महिन्यात ओ. टी. चाचणी किती वेळा झाली? ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही स्वतः वाचा. आता आपल्याला वाचता येते.