विंडो मोठी केली की ओळी जातात कुठे?

मिनी प्रोजेक्टला नोटपॅडसारखा एडिटर घेणारा एखादा ग्रुप दरवर्षी असतोच. फाइल उघडते, सेव्ह होते, फाइंड-रिप्लेसही चालतं. मग सबमिशनच्या तोंडावर कुणीतरी विंडो ओढून मोठी करतं आणि शेवटच्या ओळी गायब! भांडगावहून ये-जा करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या ग्रुपचं असंच झालं. फाइल खराब होतेय असं समजून त्यांनी सेव्हचा कोड नव्याने लिहायला घेतला होता. मी म्हटलं, "थांबा रे, आधी रोग ओळखू, मग औषध."

१. बग हुकमी घडवा. आम्ही १०० ओळी टाइप केल्या, प्रत्येक ओळीत तिचा नंबर. प्रोग्रॅम उघडल्यावर शेवटी १०० दिसायचा. विंडो ओढली की ९६ च्या पुढे काही दिसेना. तीच फाइल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडली तर १०० च्या १०० ओळी हजर. म्हणजे फाइल शाबूत, दोष फक्त दाखवण्यात. सेव्हच्या कोडला हात लावायचं कारणच उरलं नाही.

२. यंत्रणा समजून घ्या. विंडोचा आकार बदलला की विंडोज तिला 'डब्ल्यूएम साइझ' हा मेसेज पाठवते. आतला एडिट कंट्रोल मात्र आपोआप वाढत नाही. नवीन मापं आपणच 'मूव्हविंडो'ने द्यायची. ती मोजायची दोन फंक्शन्स आहेत. 'गेटविंडोरेक्ट' टायटल बार, मेनू, बॉर्डर सगळं धरून मोजतं. 'गेटक्लायंटरेक्ट' फक्त आतली जागा देतं.

३. अंदाज नको, आकडे पहा. मापं थेट टायटल बारवर छापली. पूर्ण विंडोची उंची ६००, आतली जागा ५४०, स्टेटस बार २०. एडिटला मिळायला हवेत ५२०, कोड देत होता ६००! जास्तीचे ८० पिक्सेल, एक ओळ २० पिक्सेलची, म्हणजे बरोब्बर ४ ओळी झाकलेल्या. एडिट कंट्रोलच्या हिशेबी त्या ओळी दिसतच होत्या, म्हणून तो आणखी स्क्रोलही करत नव्हता. स्क्रोलबारचा खालचा बाणही दिसत नव्हता, हीच खरी खूण. सुरुवातीचा कोड क्लायंट रेक्ट वापरत होता, म्हणून बग फक्त विंडो ओढल्यावर यायचा.

४. एका वेळी एकच बदल करा. आधी फंक्शन बदललं: झाकलेली १ ओळ उरली. मग स्टेटस बारची उंची वजा केली: १०० दिसला.

आता दुरुस्तीनंतरच्या तपासण्या:

- विंडो मिनिमाइझ करा. तेव्हा उंची ० येते, त्यातून २० वजा केले तर उणे २०! त्या मेसेजवर मापं बदलूच नका.
- प्रोजेक्टर जोडून पहा. डिस्प्ले स्केलिंग बदललं की स्टेटस बारची उंचीही बदलू शकते, म्हणून २० हा आकडा कोडमध्ये कोंबू नका, दर वेळी मोजा.
- मराठी मजकूर टाका. 'क्षि' दिसायला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये ४ कोड: क, हलन्त, ष, वेलांटी. वर्ड रॅप स्वतः लिहिला असेल आणि कोड मोजून ओळ तोडत असाल, तर विंडो अरुंद केल्यावर जोडाक्षर मधोमध तुटेल.

व्हायव्हात एक्स्टर्नल हमखास विचारतात, "बग कसा शोधला?" "कोड बदलत गेलो, जमलं" याला मार्क नाहीत. ६०० आणि ५२० मधला फरक कुठून आला हे कागदावर मांडता आलं, तर पुढचा प्रश्न बहुधा येणारच नाही!