नेट सारखं तुटतंय? पाकिटाआधी डब्याकडे बघा

घरचं नेट दिवसातून चार-पाचदा तुटायला लागलं की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर दीड-दोन हजारांचा नवा राउटर येतो, नाहीतर केबलवाल्याच्या सांगण्यावरून ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा होतो. पैसे जातात आणि नेट तुटायचं ते तुटतंच. मोठ्या प्लॅनने वेग वाढतो. सैल जोड, चेपलेली फायबर किंवा शेवटच्या घटका मोजणारा ॲडॉप्टर त्याने सुधारत नाही. नेट हळू चालणं वेगळं आणि तुटणं वेगळं. इथे बोलायचं आहे ते तुटण्याबद्दल, आणि त्यातही पैशांबद्दल: कशाला किती लागतात आणि ते कोणाच्या खिशातून जायला हवेत. भाव सगळे अंदाजाचे आहेत. शहर, दुकान आणि ब्रँड पाहून ते पुढेमागे होतील.

पहिलं काम फुकटातलं. बिघाड डब्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते ठरवा. नेट गेलं त्या क्षणी मोबाइलवरची वायफायची खूण बघा. खूण आहे पण शेजारी उद्गारचिन्ह आलंय, म्हणजे फोन राउटरला नीट जोडलेला आहे, राउटरलाच बाहेरून काही येत नाही. खूणच गायब होते, किंवा आतल्या खोलीत जाते आणि हॉलमध्ये परत येते, म्हणजे घोळ घरातल्या वायफायचा. लॅपटॉप असेल तर याहून पक्की खात्री होते. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (बहुधा १९२.१६८.१.१ असतो, डब्याच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला सापडतो) आणि दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ ला. तासभर चालू राहू द्या. नेट तुटल्यावर फक्त दुसरी खिडकी अडखळली तर दोष लाइनचा, दोन्ही अडखळल्या तर वायफायचा किंवा खुद्द डब्याचा. लाइनचा दोष केबलवाल्याने स्वतःच्या खर्चाने काढायचा असतो. एवढं कळलं तरी दोन हजार वाचतात.

आता डब्याकडे. फायबरची जोडणी असेल तर त्यावर पॉवर, पॉन आणि एलओएस असे तीन दिवे असतात. एलओएस लाल झाला याचा अर्थ फायबरमधून डब्यापर्यंत उजेडच पोचत नाही: तार तुटली, निघाली किंवा कुठे तरी फार वाकली. पॉन नुसता लुकलुकत राहिला तर उजेड येतोय, पण पलीकडच्या यंत्राशी डब्याचं जमत नाही. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले तर डबा स्वतःच बंद पडून चालू झाला. ते प्रकरण विजेचं. आणि सगळे दिवे हिरवे असूनही नेट नसेल तर खातं, प्लॅनची मुदत किंवा केबलवाल्याकडचा सर्व्हर यांत काही तरी अडलंय. तिथे घरात करण्यासारखं काही नाही, फोन करायचा. दिवा लाल असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तंत्रज्ञ येतो तेव्हा नेट हमखास चालू असतं, आणि ‘चेक केलं, ओके आहे’ म्हणून तक्रार बंद होते. तारीख-वेळेसकट पाच-सहा फोटो समोर असले की ते इतकं सोपं राहत नाही.

अधूनमधून तुटणाऱ्या फायबरचं दुखणं बहुधा ‘पॉवर’मध्ये असतं. ही वीज नव्हे. तारेतून येणारा उजेड डीबीएममध्ये मोजतात. आकडा उणे असतो. उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे २७-२८ ही सामान्य डब्याची शेवटची हद्द. दर तीन डीबीला उजेड निम्मा होतो, म्हणजे उणे २४ वरून २७ वर आलात की अर्धा उजेड गेला. आकडा काठावर असला की सकाळी नेट चालतं, दुपारी जोड तापला किंवा पावसाचं पाणी जॉइंट बॉक्समध्ये शिरलं की जातं, संध्याकाळी आपोआप येतं. लोक म्हणतात, ‘आमच्याकडे मूडवर चालतं.’ पुष्कळ डब्यांच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ म्हणून हा आकडा दिसतो. नसेल तर तंत्रज्ञाला म्हणा, ‘दादा, मीटर लावून पॉवर दाखवा.’ हा प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी तो जरा वेगळ्या सुरात बोलतो.

उजेड कमी होण्याची कारणं बहुतेकदा क्षुल्लक असतात. कपाट भिंतीला टेकवताना मागे चेपलेली तार. खिळ्याच्या क्लिपने आवळलेला कोपरा. खांबावरून आलेल्या वायरवर घासणारी आंब्याची फांदी, संक्रांतीचा मांजा, कोकणात माकडं, सगळीकडे उंदीर. डब्यात खुपसलेला कनेक्टरही बघा. हिरव्या टोपीच्या कनेक्टरचं टोक तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट. हिरवं निळ्यात बसवलं तर बसतं, नेटही कधी कधी चालतं, पण उजेड वाया जातो. टोकाला बोट लावू नका, आणि चालू तारेच्या टोकात डोळा घालून तर मुळीच बघू नका. आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही म्हणजे निरुपद्रवी आहे असं नाही.

खर्च? घरातली छोटी पॅच कॉर्ड १०० ते २०० रुपये. केबलवाल्याच्या माणसाने कनेक्टर पुन्हा बांधला तर सामान पन्नास रुपयांचंही नसतं, आणि लाइन त्याची असेल तर वेगळे पैसे मागण्याचं कारण नाही. फर्निचरच्या कामात तार तुम्हीच तोडली असेल तर २०० ते ५०० रुपये मागणं रास्त. डबा डिपॉझिटवर दिलेला असेल तर बिघडल्यावर बदलून देणं त्यांचं काम. विकत घेतलेला असेल तर नवा साधारण १,२०० ते २,००० रुपयांना पडतो. तेव्हा पहिल्या दिवसाची पावती शोधा आणि तिच्यावर ‘डिपॉझिट’ लिहिलंय की ‘किंमत’ ते वाचा.

अजूनही पुष्कळ सोसायट्यांत फायबर जिन्यातल्या पेटीपर्यंतच येते आणि पुढे घरात साधी लॅन वायर. त्या पेटीतल्या स्विचला वीज लागते. घरात इन्व्हर्टर आहे, राउटर चालू आहे, तरी लाइट गेली की नेट जातं, त्याचं कारण ती पेटी. पावसाळ्यात गच्चीवरून आलेल्या वायरीतून विजेचा झटका शिरून पोर्टही जळतात. फायबर थेट घरात घ्यायला तोच केबलवाला तयार असेल तर माझ्या मते यासाठी हजार रुपये मोजावेत. वाटेतल्या फायबरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही.

विजेचं प्रकरण मी मुद्दाम वेगळं ठेवलं, कारण सगळ्यात स्वस्त उपाय इथे आहेत आणि सगळ्यात कमी लोक इकडे बघतात. दोन-तीन वर्षं रात्रंदिवस चालणारा ॲडॉप्टर आतून थकतो. दिवा लागतो, पण भार वाढला की व्होल्टेज पडतं आणि डबा रिस्टार्ट होतो. सगळे मोबाइल आणि टीव्ही एकदम चालू असतानाच नेट जात असेल तर याच्यावर पहिला संशय घ्या. नवा १५० ते ३०० रुपयांना मिळतो. व्होल्ट जुन्यावर लिहिलेत तितकेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त. नऊ व्होल्टच्या राउटरला बारा व्होल्टचा लावलात तर पुढचा खर्च राउटरचा.

इन्व्हर्टर असलेल्या घरी आणखी एक गंमत होते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात डबा बंद पडतो आणि परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. पंख्याला काही वाटत नाही, पण ऑनलाइन मीटिंग मोडते. पुष्कळ इन्व्हर्टरांच्या मागच्या बाजूला ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं बटण असतं. ते यूपीएसवर ठेवलं की बदल इतक्या लवकर होतो की डब्याला कळत नाही. खर्च शून्य. गावाकडे व्होल्टेज कायम कमी असेल तर मात्र त्या मोडवर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल. तिथे, आणि इन्व्हर्टर नसेल तिथे, राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्या. हजार ते दोन हजारांत येतो आणि डबा काही तास ओढतो. या यादीत मी डोळे मिटून घ्या म्हणेन अशी वस्तू हीच.

दोष वायफायचाच निघाला तर आधी डब्याची जागा बदला. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या वर किंवा शू-रॅकमध्ये झाकून ठेवलेला डबा चांगला चालत नाही. घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर ठेवा. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भिंतींतून पुढे जातो, पण सोसायटीत शेजारच्या वीस घरांचे राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतात, शिवाय मायक्रोवेव्ह. सेटिंगमध्ये चॅनेल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो द्या. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे दम तोडतो. त्यात ५२ ते १४४ हे चॅनेल रडारशी वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि नेट थोडा वेळ जातं. विमानतळ जवळ असेल तर ३६ ते ४८ मधला चॅनेल नेमून द्या.

टीव्ही किंवा ऑफिसच्या लॅपटॉपला दहा मीटरची कॅट-६ वायर ओढली तर २०० ते ५०० रुपयांत तिथला प्रश्न कायमचा मिटतो. दिसायला बरी नसते, हे कबूल. हजार-दीड हजाराचा रिपीटर मला फारसा पटत नाही: लावलेल्या जागी सिग्नल मुळात कमकुवत असेल तर तो कमकुवत सिग्नलच पुढे ढकलतो. जाड दगडी भिंतींचं जुनं घर किंवा दोन मजली बंगला असेल तर पाच हजारांपासून पुढे मिळणारा मेश संच घ्या, पण शक्यतो दोन डब्यांमध्ये वायर टाकून.

लाइनचा दोष असूनही केबलवाला दाद देत नसेल तर तोंडी बोलणं थांबवा. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करा आणि डॉकेट क्रमांक घ्या; तो देणं त्यांना बंधनकारक आहे. निवारण झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिथे लिहिण्यात वेळ जातो. मात्र ट्रायच्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांत बिघाड मुदतीपलीकडे राहिल्यास भाड्यात सूट देण्याची तरतूद आहे. नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. सूट आपणहून क्वचितच मिळते, बिल भरताना मागावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पुढे ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही. टेलिकॉमचे वाद आयोगात चालत नाहीत असं कोणी सांगितलं तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मुद्दा निकाली काढलाय, तेवढं सांगा.

कंपनीच बदलायची ठरली तर हिशोब आधी मांडा. प्लॅनच्या जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा, जोडणीचे ५०० ते १,५०० रुपये धरा. जुना डबा परत देताना त्याचा सीरियल नंबर लिहिलेली पोच घ्या, नाहीतर डिपॉझिट विसरा. नवीन कोणाची घ्यायची हे खालच्या मजल्यावर विचारा, जाहिरातीला नको. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले की सूट मिळते, पण पहिल्यांदा एकाच महिन्याचे भरा, आणि जमलं तर तो महिना जुलै असू द्या.