गाडी तापते? आधी कधी ते सांग

बेटा, "मामा, माझी गाडी गरम होते" एवढ्यावर मी काय सांगू? ताप आला म्हटलं की डॉक्टरसुद्धा आधी विचारतो, कधीपासून, सकाळी की रात्री. तू आमगाववरून देवरीला शाळेत जातेस. तापमानाचा काटा कुठे चढतो ते आठव. फाटकावर थांबल्यावर, मोठ्या रस्त्यावर पळवताना, की घरून निघाल्या निघाल्या? या तिन्हींचे रोग वेगळे आणि औषधंही वेगळी. मिस्त्रीकडे "गरम होते" एवढंच सांगत गेलीस, तर तो अंदाजाने एकेक वस्तू बदलत जाईल आणि पैसे तुझे जातील.

उभी असताना तापते आणि धावायला लागली की काटा खाली येतो, असं असेल तर दोष बहुतेक पंख्याचा. गाडी पळते तेव्हा समोरची हवाच रेडिएटर थंड करते. थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. याला मे महिनाच लागतो असं नाही. माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेत धनेगावच्या वाटेवर गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. थंडीचे दिवस, तरी एखाद्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघतेच. तपासायची रीत सोपी आहे. गाडी चालू करून एसी लाव. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला लागतो. नाही फिरला तर बॉनेटखालची फ्यूजची पेटी उघड. कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणाच्या आत छापलेलं असतं. फ्यूज आणि रिले ठीक असतील तर मग वायर बघ. तुमची गाडी धानाच्या पोत्यांशेजारी उभी असते आणि उंदरांना वायरही गोड लागते. मोटर सगळ्यात शेवटी.

पळताना तापते, कोहमारा ते देवरी हायवेवर एसी लावून, तेव्हा पंख्याला दोष देऊ नकोस. तेव्हा एक तर पाणी कमी आहे, नाहीतर रेडिएटर चोंदला आहे, किंवा पंप पाणी पुरेसं फिरवत नाही. आपल्या भागात चोंदण्याचं कारण मला बघितल्याशिवाय सांगता येतं: धान. दिवाळीच्या आगेमागे एकदा आणि उन्हाळी धान निघतो तेव्हा मे महिन्यात पुन्हा, रस्त्यावर तूस उडतं, मळणीची धूळ उडते आणि राइस मिलजवळून गेलीस तर कोंडाही. हे सगळं एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने पाणी मारायचं. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा लावू देऊ नकोस, पातळ पत्रे वाकतात आणि मग हवा जाईनाशीच होते. आणि हो, रस्त्यावर वाळत घातलेल्या तणसावरून गेलीस तर पुढे थांबून खाली वाकून बघ. सायलेन्सरला गुंडाळलेलं तणीस पेटतं. त्याचा इंजिन तापण्याशी संबंध नाही, पण आठवलं म्हणून सांगितलं.

घरून निघून पाच-दहा मिनिटांत काटा चढत असेल, तर थर्मोस्टॅट अडकला असेल. ही एक छोटी झडप आहे. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. ती बंदच राहिली तर रेडिएटरचा वरचा पाइप तापतो आणि खालचा थंडच राहतो. दुरूनच, बेल्ट-पंख्यापासून हात लांब ठेवून, अंदाज घे. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांना ही झडप काढून फेकायची सवय आहे. "बाई, आपल्या गरमीत याची गरज नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. झडप नसली तर थंडीत इंजिन वेळेवर तापत नाही, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत पाण्याचा रस्ताच चुकतो. नवी झडप घालून घे.

सगळ्यात वाईट रोग हेडच्या गॅस्केटचा. गळती कुठेच दिसत नाही, तरी पाणी कमी होत जातं. सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली की पाण्यात सारखे बुडबुडे येतात. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. ऑइलची काडी काढली तर ऑइल पांढुरकं, फेसाळ दिसतं. यातली दोन लक्षणं दिसली तर गाडी चालवू नकोस, टोचन करून आण. जुन्या अॅम्बेसिडरचं हेड ओतीव लोखंडाचं होतं, ती थोडी तापली तरी सोसायची. आताची हेडं अॅल्युमिनियमची आहेत. एकदा वाकलं की हेड काढून, घासून, बसवावं लागतं.

आता काटा लाल झाला तर रस्त्यात काय करायचं ते. पहिलं, एसी बंद. दुसरं, हीटर पूर्ण चालू आणि काचा खाली. ४४ अंशांत हीटर लावायचा म्हणजे जीव नको होतो, मान्य. पण ती उष्णता इंजिनातूनच निघते. हीटर लावूनही गार हवा आली तर समज, आत पाणी फिरतच नाही. पाणी पार गेलं असेल तर काटाही फसवतो, खालीच राहतो. मग सावली शोधत एक किलोमीटरही पुढे जायचं नाही. तिथेच कडेला घे, इंजिन बंद कर. बॉनेट उघडताना वाफ येत असेल तर थांब. इंजिन बंद असतानाही पंखा आपोआप फिरू शकतो, तिथे बोटं नकोत.

रेडिएटरच्या झाकणाला निदान अर्धा तास हात लावायचा नाही. आत दाबाखाली असल्यामुळेच पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण ढिलं केलंस की दाब सुटतो आणि ते क्षणात उसळून तोंडावर येतं. झाकणावर हात ठेवता येतो असं वाटलं, की जाड ओलं फडकं टाकून पाव फेरा फिरव, फुस्स आवाज पूर्ण थांबू दे, मगच काढ. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. इंजिन निवल्यावर, मग ते चालू करून थोडं थोडं ओत. शेतातल्या बोडीचं किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावाचं गढूळ पाणी नको. पिण्याचं पाणी चालेल. छोटी गळती बंद करायला ड्रायव्हर मंडळी रेडिएटरमध्ये हळद टाकतात. घरापर्यंत यायला उपयोगी आहे, पण नंतर रेडिएटर धुऊन गळती नीट काढून घे, नाहीतर तीच हळद आत साचून बसते.

पुढे कूलंटच घाल, बोअरचं पाणी नको. त्याने आत पांढरे थर चढतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. तयार मिसळलेलं घेतलं तर तसंच ओत. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड पाणी मिळतं, पण "डिस्टिल्ड" असं नाव घेऊनच माग; तिथे बॅटरीचं अॅसिडही असतं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. अंगणात सांडलं तर लगेच धू, कुत्रा किंवा वासरू चाटेल. झाकणाचा रबर कडक झाला असेल तर झाकणच बदल. काही शेकड्यांचं ते झाकण हजारोंचं हेड वाचवतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी गाडी घेऊन ये. पाइप, बेल्ट, झाकण, पंखा मी बघतो. एप्रिल लागल्यावर नको, तेव्हा चांगल्या मिस्त्रीकडे नंबर लागत नाही.