डिझेल इंजिनाचे मॅनिफोल्ड घरी साफ करणे

इंजिन काळा धूर टाकू लागले व त्याची ओढ कमी झाली, की पुष्कळ शेतकरी इंधनपंपास दोष देतात. एअर क्लीनर साफ करूनही सुधारणा न दिसल्यास इनटेक मॅनिफोल्ड उघडून पाहावे. तेलाची वाफ व धूळ यांचा चिकट थर साचून हवेची वाट अरुंद झालेली असण्याचा संभव असतो.

इंजिन थंड झाल्यावर प्रथम बाहेरची माती पुसावी व मग मॅनिफोल्ड उतरवावे. हेडची उघडी छिद्रे लगेच स्वच्छ फडक्याच्या बोळ्यांनी बंद करावीत. बोळे मोजून ठेवावेत. मॅनिफोल्ड रात्रभर रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवून बांबूच्या कामटीने खरवडावे. बिडाच्या मॅनिफोल्डास धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी चालते. ॲल्युमिनियम मात्र त्याने खाल्ले जाते. पेट्रोल मुळीच वापरू नये.

नंतर ते पूर्णपणे वाळवावे. आत राहिलेले रॉकेल ओढले गेल्यास इंजिन गव्हर्नरला न जुमानता बेफाम पळते, आणि डिझेल बंद केले तरी लगेच थांबत नाही. चालू इंजिनात रॉकेल ओतून सफाई करण्याची चाल याचसाठी घातक होय.

बोळे मोजून काढावेत, नवे पॅकिंग घालावे व नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूस थोडे थोडे आवळावेत. पॅकिंगपाशी फट राहिल्यास न गाळलेली धूळ थेट लायनरपर्यंत पोहोचते.