संधिवाताची गोळी आणि आपली हाडे

‘हाडांची काडे करणे’ हा वाक्प्रचार आपण अपार कष्ट उपसणाऱ्या माणसाविषयी योजतो. परंतु औषधही हाडांची काडे करू शकते, हे आम्हांला उज्जैनला आल्यावर आमच्या मावशींमुळे उमगले. सांधे सुजत म्हणून त्या दोन वर्षे रोज प्रेडनिसोलोनची गोळी घेत होत्या. एके सकाळी बादली उचलताना पाठीत कळ आली, आणि मणका दबल्याचे चित्रात दिसले. पडणे नाही, झडणे नाही!

या जातीच्या औषधांना स्टेरॉइड म्हणतात. (आखाड्यात शरीर फुगविण्यासाठी चोरून घेतात ती निराळी, विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये.) मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी असाच रस आपल्या देहात नित्य निर्माण करतात. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णास दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. १९५० साली केंडाल व राइखस्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नवल असे की, हा रस देहात अति झाला की होणाऱ्या विकाराचे वर्णन हार्वे कुशिंग यांनी १९३२ सालीच केले होते, आणि त्यात ठिसूळ हाडांचा उल्लेख होता.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. काही पेशी जुने हाड पोखरतात, दुसऱ्या नवे रचतात. स्टेरॉइड रचणाऱ्यांचे बळ हरण करते. शिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते व मूत्रावाटे अधिक निघून जाते. मणके आतून जाळीदार, म्हणून तेथे आघात प्रथम. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झीज सर्वांत वेगाने होते. म्हणून गोळी तीन महिन्यांहून अधिक काळ चालणार असेल, तर हाडांची काळजी पहिल्या दिवसापासूनच घ्यावयास हवी. मावशींना हे कोणी सांगितले नव्हते. आणि आम्ही, घरातले शिकलेले म्हणविणारे, आम्हीही विचारले नव्हते.

भिऊन गोळी एकाएकी सोडणे मात्र प्राणावर बेतू शकते, कारण देहातील ग्रंथी तोवर झोपी गेलेल्या असतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवावी लागते.

प्रौढांस दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० असते. आम्ही कोकणी माणसे नाचणीच्या आंबिलावर आणि काट्यांसकट चावलेल्या बारीक मासळीवर वाढलो. येथे माळव्यात गव्हाचे राज्य, तरी दूध-दही मुबलक.

कॅल्शियम शोषण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हात त्वचेत तयार होते. आपली वेधशाळा कर्कवृत्ताच्या अगदी जवळ. २१ जूनच्या सुमारास मध्यान्ही तेथील शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. इतका सूर्य डोक्यावर असूनही आपण दिवसभर छपराखाली राहतो, आणि काचेतून आलेले ऊन या कामी निरुपयोगी! मात्र ल्यूपसच्या रुग्णांना ऊन वर्ज्य असते. त्यांनी गोळीतूनच ते घ्यावे.

मावशींना आता आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेटची गोळी असते. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यावयाची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही, नाहीतर अन्ननलिकेस इजा होते. तो अर्धा तास त्या अंगणात फेऱ्या घालतात आणि चहा अजून का मिळत नाही म्हणून आमच्यावर रागावतात.