उरलेले चार हप्ते
सहा हप्त्यांच्या कर्जाचे दोनच भरले, तर कर्ज फिटत नाही. क्षयाच्या उपचाराचाही हिशेब हाच: पहिले २ महिने रोज चार औषधे, पुढचे ४ महिने तीन. आमच्या काकांचा ताप लवकर उतरला आणि त्यांनी दोन महिन्यांतच गोळ्या सोडल्या. उरलेल्या जंतूंनी व्याजासकट वसुली केली. अशाने जंतू औषधाला दाद देईनासेही होतात. काका तेवढ्यातून बचावले, पण उपचार पुन्हा पहिल्यापासून.

मी त्यांना दोष देत असे. मग घरातला म्हणून मलाही ६ महिने प्रतिबंधक गोळी सांगितली. काही दुखत नसताना रोज गोळी आठवणे किती अवघड, ते तेव्हा उमगले. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. आठवण घरच्यांनीच करून द्यावी लागते. आता सकाळी आम्ही दोघे एकत्र गोळ्या घेतो आणि कॅलेंडरवर खूण करतो, रोजकीर्द लिहावी तशी.