सम्यक वाचा : बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची

पंचशीलातील चौथे शील आपण प्रत्येक वंदनेला म्हणतो. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच घेतला जातो की, खोटे बोलू नये म्हणजे झाले. परंतु तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक वाचेला स्वतंत्र स्थान दिले आणि असत्याबरोबर चहाडी, कठोर बोलणे व निरर्थक बडबड यांनाही वाणीचे दोष ठरविले. या चारही दोषांत एक गोष्ट समान आहे. त्यांतला एकही दोष एकट्या माणसाच्या हातून घडत नाही. चहाडी करणाऱ्याला ऐकणारा कान लागतो, आणि शिवी देणाऱ्याला समोर माणूस लागतो. म्हणून वाणीचा विचार जिभेपासून सुरू करण्याऐवजी दोन माणसांमधल्या संबंधापासून केला पाहिजे.

माणूस माणसाशी बोलतो तेव्हा नेमके काय घडते? कुंभवलीचेच उदाहरण घेऊ. गावाला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, जवळ बोईसर स्टेशन आहे, आणि समुद्राच्या अंगाला 1969 साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आहे. या पट्ट्यात वाडवळी, मांगेली, वारली या बोली ऐकू येतात. नाक्यावर हिंदी, भोजपुरी आणि ओडियाही कानावर पडते. आता असे समजा की, कारखान्यात एका पिंपावर धोक्याची सूचना इंग्रजीत लिहिली आहे. लिहिणाऱ्याने आपले काम केले, पाटी लागली, साहेबाने सही केली. पण पिंप उचलणाऱ्या नव्या मजुराला ती वाचता येत नाही. मग सूचना दिली गेली असे म्हणता येईल काय? आम्ही म्हणू, नाही. त्या मजुराला जवळ बोलावून, त्याच्या भाषेत सांगून, "आता तू मला सांग, यात काय आहे ते," असे विचारले आणि त्याने ते नीट सांगितले, तेव्हाच ती सूचना पोचली. बोलणे हे ऐकणाऱ्याच्या उत्तराने पुरे होते. उत्तर येण्याची वाटच बंद असेल, तर ते बोलणे नव्हे, तो नुसता हुकूम.

आपल्या पूर्वजांना याची ओळख पुस्तकांतून करून घ्यावी लागली नाही. जातिव्यवस्थेने त्यांच्याशी शेकडो वर्षे जे केले ते हेच. महाराने गावात यावे, दुरून, वाकून, "जोहार मायबाप" म्हणावे, निरोप ऐकावा आणि चालू लागावे. त्याच्या "जोहार"ला परत "जोहार" येत नसे. त्याला उलट बोलण्याची मुभा नव्हती. बोलला तर ते "तोंड वर करून बोलणे" ठरे. आपल्या भाषेत हा वाक्प्रचार अजून आहे, आणि तो कोणाच्या तोंडून कोणाविषयी निघतो याकडे वाचकांनी जरूर लक्ष द्यावे.

येथे एक गंमतीची पण विचार करण्याजोगी गोष्ट आहे. हाच "जोहार" शब्द आज पालघर जिल्ह्यात आदिवासी बांधव एकमेकांना भेटताना अभिमानाने म्हणतात, आणि समोरूनही तितक्याच मोकळेपणाने "जोहार" येतो. शब्द एकच, पण एका ठिकाणी तो मान खाली घालायला लावी, दुसऱ्या ठिकाणी मान वर करतो. तेव्हा अर्थ शब्दाच्या पोटात बसलेला नसतो. कोण म्हणतो, कोणाला म्हणतो, आणि परत काय येते, यावरून अर्थ ठरतो.

"जय भीम"चे सामर्थ्यही यातच आहे. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. (1904–1939) यांना दिले जाते. "जय भीम" म्हटले की समोरून "जय भीम"च येतो. म्हातारा नातवाला म्हणो की शिपाई साहेबाला म्हणो, शब्द तोच राहतो. वरचा आणि खालचा असा भेद त्यात उरत नाही. कामावर किंवा नव्या वस्तीत गेल्यावर आपल्यातले काहीजण तो हळू आवाजात म्हणतात, आजूबाजूला पाहून म्हणतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण भाड्याची खोली जाईल, ठेकेदार कामावरून काढील, ही भीती खोटी नसते. जेथे आपण चारजण आहोत तेथे तो मोठ्याने म्हणावा, म्हणजे जेथे आपला एकटाच आहे त्यालाही धीर येतो.

बोलणे केवळ तोंडाने होत नाही, हे बाबासाहेबांनी फार लवकर ओळखले होते. डिसेंबर 1927 मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अंगावरचे कथिलाचे दागिने सोडण्यास सांगितले. ती वस्त्रे आणि ते दागिने दुरूनच जात सांगत होते. बाईने तोंड उघडण्याआधीच तिच्याविषयी निकाल लागत होता. त्याआधी, 31 जानेवारी 1920 रोजी त्यांनी "मूकनायक" सुरू केले. नावातच सगळे आले. ज्यांच्याविषयी सगळे बोलत, पण जे स्वतः बोलू शकत नव्हते, त्यांचे ते पत्र. पुढे "बहिष्कृत भारत", "जनता" आणि 1956 साली "प्रबुद्ध भारत". सभा, सत्याग्रह आणि परिषदा चालू असताना, पैशाची सदैव ओढाताण असताना, या पुरुषाने पुनःपुन्हा वृत्तपत्र काढले, कारण समाजाला उत्तर देण्यासाठी जागा हवी होती.

आता आपल्याच जिल्ह्यातील एका जागेकडे वळू. बोईसरहून विरारला जाऊन गाडी बदलली की नालासोपारा येते. तेथील सोपारा हे प्राचीन काळचे बंदर, पाली ग्रंथांतले सुप्पारक. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले, आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांनी जगापुढे आणला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच भुईगाव येथे सापडला, तो 1956 साली. म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्याच वर्षी. योगायोग म्हणून सोडून दिला तरी मनाला सुखावणारा आहे.

आठव्या लेखाचा विषय असा आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि करमणुकीच्या यात्रा करीत. अशोकाने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केल्या. त्या यात्रांत दान होते, वृद्धांची भेट होती, आणि खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांना धम्म सांगणे व त्यांच्याशी धम्माविषयी विचारपूस करणे होते. सांगणे आणि विचारपूस, दोन्ही. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी नुसती दवंडी पिटून थांबला नाही, हे लक्षात घ्या. नवव्या लेखात तो म्हणतो की, आजारपण, लग्न, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे; खरे मंगल म्हणजे दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम. आणि ही गोष्ट कोणी सांगावी? बापाने, मुलाने, भावाने, मित्राने. चांगल्या टिकलेल्या काही प्रतींत तर शेजाऱ्याचेही नाव आहे. भटजीचे नाव त्या यादीत नाही. बापाबरोबर मुलाचेही नाव आहे, म्हणजे मुलगाही बापाला सांगू शकतो. बाविसशे वर्षांपूर्वी दगडावर हे कोरले गेले. आपल्या किती घरांत आज हे चालते?

सुप्पारकाशी आणखी एक नाव जोडलेले आहे, भिक्खू पुण्ण यांचे. परंपरेप्रमाणे ते याच प्रदेशातले. ते धम्मप्रसारासाठी सुनापरान्तात, म्हणजे या पश्चिम किनाऱ्याकडे निघाले तेव्हा तथागतांनी विचारले : तेथील लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय वाटेल? पुण्ण म्हणाले, हे लोक बरे आहेत, निदान हाताने मारत नाहीत, असे वाटेल. हाताने मारले तर? दगडाने मारत नाहीत, असे वाटेल. असे प्रश्न थेट शस्त्रापर्यंत आणि मरणापर्यंत जातात. याचा अर्थ जातीवरून केलेला अपमान गिळून बसावे असा कोणी लावू नये. अशा अपमानाला 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि तक्रार नोंदविणे हेसुद्धा उत्तरच आहे. पुण्णांची गोष्ट वेगळी आहे. समोरच्याची शिवी आपली जीभ चालवू शकत नाही, आपले उत्तर आपल्याच ताब्यात असते, हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. नाक्यावर भांडणाला कारण शोधणारा जो असतो, त्याला आपल्या तोंडून शिवी हवी असते. ती त्याला का द्यावी?

मग गोड तेवढेच बोलावे काय? तसेही नाही. अभय राजकुमाराच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? तो म्हणाला, काढीन, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची दया आहे. तथागतही खरे, हिताचे, पण न आवडणारे बोलत. मात्र त्याची वेळ पाहून बोलत. आपल्या वस्तीत ज्या घरात दारूचा खडा अडकला आहे, तेथे ही गोष्ट सांगून पाहावी. नवरा पिऊन आला त्या रात्री दारात उभे राहून सांगितलेले खरे वाया जाते आणि मार मात्र पदरी पडतो. सकाळी, चहाच्या वेळी, मोठ्या भावाला किंवा मामाला समोर बसवून सांगितलेले तेच खरे कधी कधी घर वाचविते.

भाषेचेही तसेच. भगवंतांचे बोल पंडितांच्या छंदोबद्ध भाषेत बसवावेत अशी विनंती दोन भिक्खू बंधूंनी केली. तथागतांनी ती नाकारली आणि लोकांना आपापल्या भाषेत शिकू द्या, असे सांगितले. आपली मुले पाली वंदना घडाघडा म्हणतात, हे चांगलेच आहे. पण अर्थ विचारला तर गप्प बसतात. एका पोथीच्या जागी न समजणारी दुसरी पोथी आली, तर बदलले काय? वंदनेनंतर एक गाथा घ्यावी आणि घरातल्या बोलीत, आजीला कळेल अशा शब्दांत ती मुलीनेच समजावून सांगावी.

ऐकण्यातही शील आहे. कालामांना तथागतांनी सांगितले की, केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका. आज ही ऐकीव बातमी मोबाईलवरून एका बोटाने शंभर घरांत जाते. अशीच एक बातमी नवदीक्षित कुटुंबांत फार फिरते : धर्म "बौद्ध" सांगितला तर अनुसूचित जातीच्या सवलती जातात. घाबरून पालक शाळेच्या अर्जात जुनाच धर्म लिहितात. वास्तविक 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले आहे. दाखल्यासाठी मूळ जातीचा पुरावा लागतो, तो जपून ठेवावा. धर्म मात्र खरा तोच सांगावा. अशी बातमी न पारखता पुढे पाठविणाऱ्याच्या मनात खोटे बोलायचे नसेलही, पण शेजाऱ्याच्या मुलाच्या अर्जात त्यामुळे खोटे लिहिले जाते.

शेवटी घरातला एक अभ्यास सुचवितो. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर घरातल्या कर्त्या पुरुषाने पहिला अर्धा तास काही बोलू नये. सुनेने, मुलांनी, आजीने काय वाटते ते सांगावे, आणि कोणी मधे बोलला तर त्याला थांबवावे. ज्या प्रश्नांची उत्तरे कोणालाच देता आली नाहीत ते मुलांनी वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या खेपेला विहारात भन्ते किंवा बौद्धाचार्य येतील तेव्हा ती वही घेऊन जावी, आणि प्रश्न मुलांनीच, उभे राहून, विचारावेत.